न वाचलेल्या लेखाचं कौतुक

ऑफिसात त्यांना कौतुकराव म्हणत. कारण काम तेच होतं. सकाळी खुर्ची ओढायची, चहाचा कप कीबोर्डच्या डाव्या अंगाला ठेवायचा आणि ज्या माणसाला जन्मात पाहिलं नाही, त्याचं ईमेलमधून तोंड भरून कौतुक करायचं. ‘तुमचा अमुक लेख वाचला. डोळे उघडले.’ मग एक ओळ मोकळी सोडून, पाहुण्यानं जाता जाता छत्री मागावी तसं हळूच विचारायचं, ‘आमच्या गाद्यांच्या वेबसाइटची लिंक तुमच्या लेखात टाकाल का?’

गिऱ्हाईक गाद्या-उशांची कंपनी होती. गुगलवर वर दिसायचं तर स्वतःची पाठ स्वतः थोपटून भागत नाही. चार परक्या, वजनदार वेबसाइटींनी ती थोपटावी लागते. ही पाठ थोपटून घेण्याचा ठेका कौतुकरावांच्या साडूंनी घेतला होता आणि दारोदार हात पसरायचं काम कौतुकरावांकडे होतं.

एके काळी या मेलांना बरी उत्तरं यायची. आता लोक तरबेज झाले होते; पहिल्या ‘नमस्कारा’लाच वास यायचा त्यांना. आधी निदान शिव्या तरी यायच्या. हल्ली त्याही बंद झाल्या, याचं कौतुकरावांना जास्त वाईट वाटे. शिव्या देणारा निदान वाचतो तरी.

एका सकाळी साडूंनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. घरी ते साडूभाऊ, इथं साहेब. नातं चपलेसारखं दाराबाहेर काढून आत जायचं.

“कौतुकराव, छातीवर हात ठेवून सांगा. मेल पाठवून आजकाल काही होतं का?”

“होतं की साहेब. हळूहळू होतं.”

“हळूहळू केसही पांढरे होतात. त्याचा पगार देतो का मी?” साडूंनी खुर्ची पुढं घेतली. “बाजारात एक यंत्र आलंय. तुमच्याइतकंच गोड बोलतं आणि चहा पीत नाही. या महिन्यात एक तरी दणदणीत लिंक आणा, नाहीतर मी ते घेतो. नात्यात वाईटपणा नको म्हणून आधी कानावर घालतोय.”

घरी बायकोनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “म्हणजे ताईच्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला काढलं, असं होणार. माहेरी मी तोंड कुठं लपवू?”

“अजून काढलं नाही गं.”

“काढतील. ताई काल फोनवर फार गोड बोलली माझ्याशी. तेव्हाच मी ओळखलं.”

कौतुकराव इरेला पेटले. यंत्र म्हणे! यंत्र सगळ्यांना एकच रडगाणं ऐकवणार. आपण कसं, प्रत्येकाला वेगळं, हातानं लिहितो. यात खोटं काहीच नव्हतं. फक्त लेख ते वाचत नसत, मथळा वाचत. मथळा वाचला की आतलं सगळं कळतं, हा त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीचा अर्क होता.

शोधता शोधता त्यांना घबाड सापडलं. एक निवृत्त नर्सबाई झोप न येणाऱ्यांसाठी वेबसाइट चालवत होत्या. वाचक अमाप. आणि सगळ्यात ताज्या लेखाचा मथळा होता: ‘पलंगाची एक बाजू रिकामी’. गादीवाल्याला आणखी काय हवं? कौतुकरावांनी बोटं मोडली आणि लिहिलं, ‘बाई, तुमचा लेख वाचून फार मजा आली. घरात जागा कशी मोकळी करावी, याच्या तुमच्या युक्त्या अफलातून आहेत. रिकाम्या झालेल्या बाजूचं आता काय करावं, असा प्रश्न पडला असेल, तर आमची एकेरी गादी पाहा.’

दुपारी उत्तर आलं.

‘दादा, ती बाजू माझ्या नवऱ्याची होती. मागच्या महिन्यात रिकामी झाली. यात युक्ती कसलीच नव्हती, त्यांना कावीळ झाली होती. तुम्हाला मजा आली, हे वाचून बरं वाटलं. आमच्या घरी कुणाला आली नाही.’

कौतुकरावांचा चहा तसाच राहिला. मग नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी एक लेख पहिल्या शब्दापासून वाचला. बाई लिहीत होत्या की, चादर अजून दोन्ही बाजूंनी खोचते. एका बाजूची खोचायचं सोडलं तर ते गेले, हे मीच कबूल केल्यासारखं होईल.

त्यांनी उत्तर लिहिलं. लिंकचं नाव काढलं नाही. ‘बाई, मी लेख न वाचता कौतुक केलं. माझं पोट याच्यावर चालतं, पण ती काही सबब नव्हे. आज वाचला. माझे वडील गेल्यापासून आई त्यांच्या जागेवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या रचते. कपाटात ठेवत नाही. पसारा करतेस म्हणून मी तिच्यावर कितीदा डाफरलो. ती पसारा का करते, ते मला आज तुमच्यामुळे कळलं. क्षमा करा.’

चार दिवसांनी बाईंच्या वेबसाइटवर नवा लेख आला. त्यात हे पत्र होतं आणि खाली गादीवाल्यांची लिंक. ‘गादी कशी आहे, मला माहीत नाही. माणूस बरा वाटला,’ एवढंच बाईंनी लिहिलं होतं.

साडूंनी कौतुकरावांना मिठीच मारली. “अहो, काय लिहिलंय! काळजाला हात घातलात! आता असं करा, याचाच साचा बनवा. लेखाचं नाव तेवढं बदलायचं आणि सगळ्यांना धाडायचं.”

“साहेब, ती खरी माफी होती.”

“म्हणूनच चालली ना! खोटं कौतुक आपण कमी का धाडलं?”

माफी सुटली. ज्यांचा कधी अपमान केला नव्हता, त्यांचीही क्षमा मागितली गेली. आणि कौतुकरावांच्या दुर्दैवानं उत्तरं धो धो येऊ लागली. एकानं लिहिलं, ‘माझा लेख पाण्याचा पंप दुरुस्त करण्याबद्दल आहे. त्यात तुम्हाला वडील कुठं आठवले, कळलं नाही. तरी लिंक टाकली आहे. आईंना जपा.’ कोंबड्या पाळणाऱ्या एका बाईंनी विचारलं, ‘आता डाफरत नाही ना आईंवर?’ मेलनं काम होतं की नाही, ही शंका ऑफिसात कुणाला उरली नाही.

कौतुकरावांना मात्र घरी आईच्या खोलीत पाऊल टाकवेना. अनोळखी लोक तिला नमस्कार सांगत होते आणि ती आत निवांत शेंगा सोलत बसलेली असायची. शेवटी ते काचेच्या खोलीत शिरले. या वेळी नातं बाहेर काढायचं विसरले.

“साडूभाऊ, पत्रातून आईला काढा.”

“आईला? अहो, कौतुकाचा परिच्छेद काढा, गादीचा काढा. आईला हात लावू नका. सगळा प्रतिसाद आईला आहे.”

“मग मला काढा. एक तर ती राहील, नाहीतर मी.”

साडू विचारात पडले. पत्राकडे पाहिलं, मग कौतुकरावांकडे. माणूस घरचा होता, त्यामुळे त्यांनी आवाज फार मऊ केला.

“राग मानू नका. साचा तयार आहे आणि पाठवायला यंत्रही येतंय. आईंना ठेवतो.”

घरी बायको ऐकताच उसळली. “थांबा, आता मीच ताईला फोन लावते! सासूबाईंच्या नावानं गाद्या खपवतात आणि वर तुम्हालाच नारळ?”

“कुणाच्या नावानं काय खपवतात?” आईनं आतून विचारलं. कौतुकराव तिच्या खोलीत गेले, कपड्यांच्या घड्या जराशा सरकवून पलंगाच्या कडेवर टेकले आणि पहिल्यापासून सगळं सांगून मोकळे झाले. नर्सबाई, पंपवाला, कोंबड्यावाली, कुणालाच गाळलं नाही.

आई शेंगा सोलता सोलता ऐकत होती.

“म्हणजे तुला काढून मला लावलं म्हण की,” ती म्हणाली. “आणि त्या नर्सबाईला विचारलंस का, तिच्या घरी आता सोबतीला कुणी आहे?”