रेतीचोराची गाडी

त्या पावसाळ्यात आमची कंपनी नागपूरजवळ होती. संध्याकाळी पाचच्या फॉल-इनला मेजरसाहेबांनी हुकूम वाचून दाखवला. समुद्रपूर तालुक्यात पूर आला होता आणि सकाळी साडेपाचला फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, निघणार होती. मी हवालदार. माझं मूळ गाव त्याच तालुक्यातलं, म्हणून यादीत माझं नाव सगळ्यात वर होतं. जवान मला पाठीमागे शक्की हवालदार म्हणत. राशनची गोणी असो की रजेचा अर्ज, मी दोनदा तपासल्याशिवाय सही करत नसे, आणि मला त्याचा अभिमानही होता.

जाम गावावरून आम्ही सकाळी आठच्या आत नदीकाठच्या एका गावात पोचलो. पाणी रस्त्याला लागलं होतं. लान्सनायक महादेव खोत एका शिपायाला घेऊन रबरी बोटीतून लगेच निघाला. खोत कोल्हापूरकडचा, वय सत्तावीस, कंपनीतला सगळ्यात चांगला पोहणारा. नदीपलीकडच्या टेकाडावर काही कुटुंबं अडकली होती. दुपारपर्यंत त्याने दोन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीत टेकाडाजवळ इंजिन बंद पडलं.

तोवर पूर ओसरला होता आणि मागे रेती सोडून गेला होता. रस्त्यापासून नदीच्या धारेपर्यंत दीड किलोमीटर, सगळी शेतं रेतीखाली. आमचा ट्रक पन्नास पावलांत रुतला.

चौदा वीसला वायरलेस सेटवर कळलं की वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आहेत आणि दीड तासात पाणी वाढेल. मी खोतला तसं सांगितलं.

"किती माणसं आहेत? ओव्हर."

"अकरा. दोन लहान पोरं. इंजिन पाठवा. ओव्हर."

"येतोय. आऊट."

आमच्याकडे दुसरी बोट, इंजिन आणि पेट्रोलचे दोन जेरीकॅन होते. हे सगळं हातांनी उचलून न्यायला आम्ही पाच जण कमी पडलो असतो. गावातला एक ट्रॅक्टर पाण्यात होता, दुसरा चिखलात. बैल आदल्या दिवशीच वरच्या गावी हाकलले होते. उरल्या दोन घोडागाड्या.

पहिली नानाजीची, लग्नाच्या वरातीची. पांढरी उंच घोडी, अंगावर तेल लावल्यासारखी चमक, पितळी साज, मोठी पण अरुंद चाकं. नानाजी अदबीने उभा. दुसरी सदाशिवची. सपाट फळ्या आणि खाली भंगारातल्या जीपचे रुंद, झिजलेले टायर. घोडी बुटकी, पोटाला चिखल लागलेला. सदाशिव साठीचा, दाढी वाढलेली, नजर खाली.

पोलीस पाटलांनी मला बाजूला घेतलं. "त्या सदाच्या नादी लागू नोका साहेब. रेतीचोर हाये तो. पहाटे नदीतून रेती काढते अन् विकते. पोलिसानं दोनदा पकडलं त्याले."

मी वळून पाहिलं तर सदाशिव उकिडवा बसून काडीने टायरची हवा सोडत होता. फुस्स आवाज येत होता.

"हे काय करून राह्यले?" मी विचारलं.

"हवा काढून राह्यलो साहेब."

"काऊन?"

"रेतीत टणक चाक घुसते. ढिलं चाक वर राह्यते. ते वरातीची गाडी नोका नेऊ. पातळ चाक हाये. अन् त्या घोडीले रेती माहीत नाई."

माझ्या मनात शंकेने घर केलं. चोर माणूस, दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवतो आणि स्वतःच्या चाकाची हवा काढतो. याला एकतर जायचं नाही, नाहीतर याचा पेट्रोलवर डोळा आहे. आमच्या ट्रकचा ड्रायव्हर राजस्थानच्या वाळवंटातला होता, त्याला एका शब्दात विचारता आलं असतं. तो ट्रकखाली फावडं मारत होता आणि मी विचारलं नाही. फौजेत वीस वर्षं मी टर्नआऊट, म्हणजे वरची टापटीप, पाहून माणूस जोखला होता. मी नानाजीची गाडी घेतली.

चौदा पंचेचाळीसला निघालो. पंधरा वाजता दोन्ही चाकं आसापर्यंत रेतीत होती. घोडी पुढचे पाय झाडत होती, तोंडाला फेस आला होता. आम्ही खांदे लावले, खणलं, पुन्हा खांदे लावले. नानाजी बिचारा रडकुंडीला आला. पंचवीस मिनिटं अशी गेली.

मागे पाहिलं तर सदाशिव गाडी घेऊन येत होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तेव्हाही माझ्या तोंडून काय निघालं, तर शिपायाला हुकूम, "जेरीकॅनवर लक्ष ठेव." हे लिहिताना मला लाज वाटते.

सदाशिव बोट उचलू लागला. "बोजा चाकाच्या वर ठेवा, मांगं नोका ठेवू," एवढंच म्हणाला. पंधरा पस्तीसला गाडी हलली. ती बुटकी घोडी मान खाली घालून एका चालीने निघाली, कुठेही थांबली नाही. सदाशिव तिच्या पुढे अनवाणी चालत होता आणि पायाने रेती चाचपून वाट बदलत होता. वीस मिनिटांत आम्ही धारेवर पोचलो.

पाणी आलं होतं. टेकाड जवळजवळ बुडालं होतं. खोतने अकराही जणांना इंजिन बंद पडलेल्या बोटीत बसवून शिपायाला वल्ह्यावर ठेवलं होतं. बोटीचा दोर बाभळीला दोन वेढे देऊन त्याने स्वतः धरला होता, छातीभर पाण्यात उभं राहून. आम्ही बोटीत हवा भरत होतो. सोळा वाजून तीन मिनिटांनी एक मोठं लाकूड वाहत आलं आणि त्याच्यावर आदळलं. दोर वेढ्यांत अडकून राहिला, बोट राहिली. खोत दिसेनासा झाला.

सोळा दहाला आमचं इंजिन सुरू झालं. अकरा माणसं आणि शिपाई आम्ही काढले.

खोत तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला, रेतीतच. तिथून त्याला सदाशिवनेच आणलं. गाडीवर बसायला सांगितलं तर म्हणाला, "नाई साहेब, माणूस हाये गाडीत." तो चालत राहिला. मागे सगळं गाव चालत होतं, पोलीस पाटीलही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत कुणीतरी सुचवलं, कारण लिहा, जमीन मऊ असल्यामुळे उशीर. मी लिहिलं, गाडी निवडण्यात चूक माझी, चाळीस मिनिटं वाया गेली. मला सक्त ताकीद मिळाली. पुढे मी निवृत्त झालो आणि वर्ध्याजवळ सिंदी मेघेला घर केलं.

घर लागल्यावर सगळ्यात आधी मी खोतच्या गावी गेलो. त्याचे वडील एकटेच ओसरीवर ऊस सोलत होते. मी सगळं सांगितलं. दोन गाड्या, रेतीचोर, माझा संशय, चाळीस मिनिटं. म्हटलं, तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला. ते शिव्या देतील म्हणून मी तयार होतो. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनी कोयता खाली ठेवला.

"पाण्याला लई भ्यायचा लहानपणी," ते म्हणाले. "विहिरीत उतरायलाच तयार न्हवता. मीच ढकलला त्याला."