वहीचा तास

तोताराम मास्तरांइतका हट्टी माणूस आमच्या शाळेत दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतकं हरलंही कुणी नाही. मला अजून संताप येतो.

धुळ्याजवळच्या आमच्या हायस्कुलात ते संगीत शिकवत. म्हणजे शिकवू दिलं तर. दहावीचं गणित मागे पडलं, घ्या संगीताचा तास. मैदान झाडायचंय, घ्या संगीताचा तास. आओ जाओ घर तुम्हारा!

मास्तरांच्या वडिलांचा, उखर्डू आबांचा, वही गाण्यात हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. वही म्हणजे आमच्या खानदेशात डफावर गायची कथा. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. आबा गेले आणि गावातली वही थांबली. पोरांच्या कानावरच पडली नाही तर तिची गोडी लागणार कशी? म्हणून सत्त्याऐंशी साली मास्तरांनी आठवीला वही शिकवायला घेतली. दिवाळीपर्यंत पोरं अशी गाऊ लागली की शेजारच्या वर्गातला भूगोल बंद पडायचा. भूगोल मीच शिकवायचो, आणि खुशाल बंद ठेवायचो.

मग तपासणीला साहेब आले, नगरकडचे.

"संगीतात सध्या काय चालू आहे?"

"वही, साहेब."

"छान. दाखवा."

मास्तरांनी डफावर थाप मारली. सुगंधा नावाच्या पोरीनं ओळ टाकली, वर्गानं उचलली. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, गाणं कसलं? मी वह्या मागितल्या!"

मास्तरांनी समजावलं. साहेब हसलेसुद्धा. पण शेरा मारून गेले, 'लेखी काम नाही.' हेडमास्तरांची पाचावर धारण बसली. हुकूम निघाला, आधी लिहून घ्या, वेळ उरला तर गा. आमच्या शाळेत वेळ कधी उरला होता? मास्तर भांडले, टेबलावर हात आपटून भांडले. शेवटी आहे तो तासही जाईल म्हणून मुकाट्यानं फळ्यावर वही लिहू लागले.

तीच पोरं नववीत असताना शेरा मिळाला, 'उत्तम.' हेडमास्तरांनी पेढे वाटले. मास्तरांनी पेढ्याला हात लावला नाही. तडक वर्गात गेले.

"सुगंधा, ऊठ. वही म्हण."

पोरगी उठली, दप्तरातून वही काढली आणि धडा वाचावा तशी वाचू लागली.

"वाचू नको माय, गाईसन दखाड!"

ती बिचारी गोंधळली. वहीची भरलेली पानं उलटून दाखवत म्हणाली,

"आते गावानी काय गरज, सर? बठ्ठी लिखेल शे ना."