सहा पॉइंट दोन

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना बी.एस्सी.च्या मुलांची प्रॅक्टिकलं घ्यायला माझी नेमणूक झाली. पत्रात चांगल्या सहायकाचे गुण दिले होते: विषयाचं सखोल ज्ञान, विद्यार्थ्यांविषयी आस्था, संशोधक वृत्ती. पत्र हातात देताना विभागप्रमुख म्हणाले, "हे असू दे. वेळेवर ये, ॲप्रन घाल आणि मला वर बोलावू नकोस." त्यांची खोली तळमजल्यावर आणि प्रयोगशाळा माडीवर होती. मला त्यांची यादी जास्त झेपणारी वाटली.

कॉलेज साखर कारखान्याच्या शिक्षण संस्थेचं होतं. कारखान्याचे चेअरमन तेच संस्थेचे अध्यक्ष, आणि दूध संघाचेही तेच. सलग दोन वर्षं पाऊस नव्हता. कॉलेजची विहीर इतकी कोरडी की मुलं तळाशी उतरून क्रिकेटचा चेंडू काढून आणत. कारखान्याच्या बोअरचं पाणी टँकरने यायचं. टँकरवर अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो होता, म्हणजे पाण्याबद्दल नक्की कुणाला नमस्कार करायचा याविषयी गोंधळ नको.

अशात पाण्याचा जडपणा मोजायचं प्रॅक्टिकल आलं. फ्लास्कमधल्या पाण्यात वरून ब्युरेटमधलं, म्हणजे तोटी असलेल्या काचनळीतलं, द्रावण थेंब थेंब सोडायचं, लालसर रंग निळा झाला की थांबायचं आणि किती मिलिलिटर लागलं ते जर्नलमध्ये लिहायचं. आमच्याकडे ते सहा पॉइंट दोन लागे. कधीपासून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वरच्या वर्गातली मुलं ते खालच्या वर्गाला सांगत, बाहेरून येणारे परीक्षक मान डोलावत. मीही तेच लिहून पास झालो होतो.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला चौदा पॉइंट सात आलं. धारूरच्या डोंगरातली, मेंढपाळाच्या घरची मुलगी. मी म्हणालो, "तुझा हात सैल आहे. परत कर." तिने परत केलं. पुन्हा चौदा सात.

"बाकीच्यांचं सहा दोन कसं आलं मग?"

"त्यांनी ब्युरेट भरलीच न्हाई, सर," ती म्हणाली. मागच्या टेबलावर दोघं एकाएकी फार मन लावून काचा पुसू लागले.

मी तिसऱ्यांदा करायला लावलं. टँकरच्या चार बादल्यांपैकी एक संपली, रीडिंग हललं नाही. तेव्हा मी तोडगा सांगितला: सहा दोन लिही, सही करतो.

"लिहिते. पन वर नमुना कुठला म्हून लिहू?"

मी इतरांची जर्नलं पाहिली. सगळ्यांनी 'कॉलेजची विहीर' लिहिलं होतं.

जर्नलवर माझ्या सहीखाली शनिवारपर्यंत प्रमुखांचीही सही झाली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. तिच्या घरचे मेंढ्या घेऊन माजलगावकडे, ऊस आहे त्या भागात, उतरणार होते. परीक्षा होईपर्यंत ते थांबले होते. ती हुकली तर पोरगीही मेंढ्यांमागे जाणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. हे तिने बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

ती गेल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा तो प्रयोग स्वतः केला. चौदा सहा. सखोल ज्ञान झालं ते तेवढंच.

शुक्रवारी जर्नल घेऊन आम्ही दोघं खाली गेलो. प्रमुखांनी चौदा सात हा आकडा पाहिला. "हे काय आहे?"

"टँकरचं पाणी आहे, सर."

"म्हणजे अध्यक्षांचं पाणी जड आहे, असं माझ्या सहीने लिहून द्यायचं?"

"मीही करून पाहिलं, सर."

"तुला कुणी सांगितलं होतं करून पाहायला?"

मी म्हणालो, "तुम्ही एकदा करून दाखवा. तुमचं येईल ते ती लिहील."

ते वर आले. बऱ्याच वर्षांनी आले असावेत, कारण दार चुकले. आधी त्यांनी भांडारात पाऊल टाकलं. ॲप्रन नव्हता म्हणून माझा चढवला. ब्युरेट भरली, सफाईने सोडली आणि बरोबर सहा दोनला तोटी बंद केली. "झाला निळा."

ती फ्लास्ककडे बघत हळूच म्हणाली, "लालच हाय, सर."

प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, फ्लास्क मोरीत ओततील. पण त्यांनी तोटी पुन्हा उघडली. आठ, दहा, बारा. आता ते आम्हाला विसरले होते. एकेक थेंब सोडून फ्लास्क हलवत, ओठ मुडपून ते बघत राहिले. चौदा सातला रंग फिरला, तेव्हा ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "सुंदर."

मग भानावर आले. जर्नलवर सही ठोकली आणि मला म्हणाले, "नमुन्याच्या जागी 'स्थानिक पाणी' लिहायला सांग. कुणी विचारलं तर मी वर आलो नव्हतो." माझा ॲप्रन अंगावर तसाच घेऊन ते खाली गेले.

शनिवारी सकाळी ती परीक्षेचं हॉलतिकीट घेऊन गेली. दुपारी उरलेला वर्ग जर्नलं घेऊन माझ्यापुढे रांगेत उभा राहिला. प्रत्येकाने सहा दोन खोडून चौदा सात लिहिलं होतं.

"केलंत का?" मी विचारलं.

"कशानं करायचं, सर?" पहिला म्हणाला. "पानी कुठं हाय?"

चारही बादल्या पालथ्या होत्या. मी पेनचं टोपण काढलं.