तिसरी हाक

मी पुण्याला निघाले त्या सकाळी आण्णांनी रिक्षा थेट आमच्या गावच्या, वाशीच्या स्टँडवर आणली. टपावर भोंगा, मागं बॅटरी. माझ्या वडिलांचा धंदा पुकारण्याचा. दुकानाचं उद्घाटन, हरवलेली म्हैस, रक्तदान शिबिर, मोर्चाचं पत्रक, जे येईल ते गावोगाव सांगायचं. त्यांनी माईक हातात घेतला तेव्हाच मी ओळखलं, आता काही खरं नाही.

"ऐका हो. आमची अश्विनी पुण्याला कामाला चालली. कुणाला निरोप धाडायचा असंल तर आत्ताच सांगा."

सगळा स्टँड हसला. माय तेवढी हसली नाही. ती तोंडाला पदर लावून उभी होती. जाणाऱ्याला मागून हाक मारायची नसते, आणि तिला स्वतःच्या तोंडाचा भरवसा नव्हता.

हाकेबद्दल मायचा आणखी एक नियम होता. दिवेलागणीनंतर बाहेरून कुणी बोलावलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. मेलेलं माणूस दोनदाच बोलावतं. तिसरी हाक जित्याची. मी रिक्षातल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अक्षरं शिकलेली. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायची. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "तुझ्या कागदाला कुणी हाक मारलीय का कधी?"

आण्णांचा नियम वेगळा. रस्त्यात कुणी हात केला की रिक्षा उभी करायची, भोंगा बंद करायचा आणि विचारेल त्याला उत्तर द्यायचं. एकदा एका म्हातारीनं भर उन्हात थांबवून विचारलं, "मोर्चाला पाणी मिळंल का, का नुसतं भाषणच?" आण्णा म्हणाले, "इचारून सांगतो मावशी," आणि खरंच माघारी जाऊन विचारून आले. मला म्हणाले, "ज्याला उलटं इचारता येत न्हाय ते बोलणं न्हाय. नुसता आवाज हाय."

पुण्यात मला आवाजाचंच काम मिळालं. काचेची खोली, भिंतींना फोम, कानाला हेडफोन. समोरची वाक्यं वाचायची. कधी आनंदानं, कधी रागानं, कधी काहीच न वाटल्यासारखी. त्यांना आमची बोली हवी होती. कॉलेजात ज्या 'लई' आणि 'व्हय'ला पोरी हसल्या, ते आता कुणी मागून घेत होतं. दवाखान्याची, हवामानाची माहिती तुमच्या आवाजात गावोगाव जाईल, असं सांगितलं होतं. मला वाटलं, हेच माझं काम. आण्णांची रिक्षाच, फक्त जास्त लांब जाणारी. इतकं समाधान मला आधी कधी मिळालं नव्हतं, हे आजही नाकारत नाही.

एके दिवशी मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "मशीनमधला तुझा आवाज तयार झाला," आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. आत मी बोलत होते. ते वाक्य मी कधीच वाचलेलं नव्हतं. मधे मी थांबून श्वास घेतला. खोलीत उभी असलेली मी तेव्हा श्वास रोखून होते.

त्यानंतर मला दुसऱ्या टेबलावर बसवलं. काही महिन्यांनी भर दुपारी आण्णांचा फोन आला.

"काल सांजच्याला मायला फोन केला व्हतास का?"

"न्हाय."

मग त्यांनी काय घडलं ते सांगितलं.

एका पवनचक्कीवाल्या कंपनीला आमच्या शिवारावरून तार न्यायची होती. आण्णा भोंग्यावरून गावाला सांगत होते, हरकत घ्या. शेत मायच्या नावावर. संध्याकाळी ती एकटी होती, दिवा लावत होती, आणि फोनमधून मी बोलले, "राम राम मावशी. तुमच्या शेतावरून तार जाणार हाय. हरकत नसंल तर एक दाबा."

"मला मावशी का म्हणतीस गं? जेवलीस का?"

"हरकत नसंल तर एक दाबा."

मायनं घाबरून फोन ठेवला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती ढसाढसा रडली, कारण तिच्या हिशेबानं मी जिती होते. लेक एवढं मागतेय म्हणून तिनं एक दाबलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस पारावर सांगत फिरला, पुकारणाऱ्याच्या घरचीच संमती आहे. आण्णांचा आयुष्यभराचा शब्द माझ्या आवाजानं खोटा पाडला. याला तंत्रज्ञान म्हणणाऱ्यांनी म्हणावं. मी याला घरफोडी म्हणते.

मी गावी गेले. माय माझ्या तोंडाकडं बघत राहिली. ओठ हलतात का, ते बघत होती.

तसे फोन गावात घरोघर आले होते. बाजाराच्या दिवशी रिक्षात मी माईक घेतला. "फोनातला आवाज माझा हाय. बोलणं माझं न्हाय. मी अश्विनी, वाशीची. हात करा, इचारा."

कुणी काही विचारेना. त्याच आवाजात मी त्याच आवाजाविरुद्ध बोलत होते. लोक रिक्षापासून मागं सरकले. मग म्हशीवाल्या काकांनी हात वर केला. आण्णांनी रिक्षा बंद केली.

"तू तरी खरी कशावरून?"

"इचारा काका काय इचारायचं ते."

"आमची म्हैस हरवली तवा कुठं घावली?"

"तुमच्याच गोठ्यात. सगळं गाव पुकारून झाल्यावर."

बाजार हसला. काका ओशाळून म्हणाले, "हीच हाय." त्या दिवशी मायनं तहसीलला जाऊन हरकतीवर अंगठा दिला, तिच्यामागं बाकीचे गेले. तार अजून आलेली नाही. येणार नाही असंही कुणी सांगत नाही. तारेच्या मोजणीवेळी बांधावरच्या दगडाला फासलेला लाल रंग तसाच आहे.

मी ती नोकरी सोडली. आता पुण्यातच घरकामगार बायकांच्या हेल्पलाइनवर बसते. पलीकडून बायका विचारतात, मी उत्तर देते; माहीत नसलं तर विचारून सांगते. दिवसभर कुणीतरी माझी रिक्षा थांबवत असतं, आणि संध्याकाळी मी थकते तेव्हा कामाचं चीज झालेलं असतं. तो दुसरा आवाज मात्र शहरात मोकळा फिरतो. परवा एका दवाखान्यात त्यानं माझाच नंबर पुकारला. मी जागची उठले नाही.

तुम्ही मागं राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, तुम्हाला म्हणून सांगते. घर म्हणजे ओळखीचा आवाज, असं मी समजत होते. आता आवाज कुठूनही येतो. जिथं मला ओ द्यावी लागते, ते घर.

गेल्या खेपेला बस हलली आणि मागून हाक आली. मायची. जाणाऱ्याला कधीच मारायची नसते ती हाक. मी खिडकीतून वळले, गप्प राहिले. तिनं दुसऱ्यांदा मारली. तरी गप्प राहिले; शिकवण तिचीच. बसच्या बाजूनं चालत तिनं तिसऱ्यांदा माझं नाव घेतलं, आणि मी ओ दिली.

तेव्हा कुठं ती थांबली.