ज्याचं काम, त्यानं पास करायचं नाही

स्वतःच्या गाडीवर माझ्या साडूंइतका जीव असणारा आणि तिच्यावर इतका कमी भरवसा ठेवणारा माणूस नाशिकमध्ये दुसरा नसेल. गाडी छोटी, चार दारांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली; वयानं त्यांच्या मुलीपेक्षा मोठी. असली गाडी लोक झाकून ठेवतात आणि नवरदेवासाठी बाहेर काढतात. साडू तीच घेऊन पंचवटीत भाजीला जातात. रोज वापरायची म्हणून त्यांनी तिच्यात जे अपुरं वाटलं ते बदललं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले, डायनॅमो काढून जास्त वीज देणारा अल्टरनेटर लावला, सिग्नलला इंजिन तापू नये म्हणून रेडिएटरला विजेवरचा पंखा दिला. पेट्रोलच्या पंपाशेजारी दुसरा पंप आहे आणि हॉर्नही दोन आहेत. "एक गेला तर?" असं ते विचारतात, आणि गेला तर काय, हे कुणाला सांगता येत नाही.

ही सवय ओझरची. तिथल्या विमानाच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त होताना तिथला एक नियम घरी आणला. ज्यानं काम केलं, त्यानं ते पास करायचं नाही, दुसऱ्यानं तपासायचं. घरात दुसरं माणूस एकच, माझ्या बायकोची थोरली बहीण. ताई शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे नापास करायचा सराव होता. साडूंनी नट आवळला की त्या टॉर्च घेऊन वाकतात. एकदा आम्ही सगळे लग्नाला निघालो होतो. ताईंनी पैठणी सावरत चाकामागे वर्तमानपत्राचा तुकडा धरला, त्यावर ब्रेक ऑइलचा एक थेंब पडला.

"नापास."

"अगं, आधी सांडलेलं असेल ते."

"मग पुसा आणि परत दाखवा."

परत थेंब पडला. आम्ही रिक्षा करून गेलो. साडू वाटभर खुशीत होते. "इन्स्पेक्शन असं पाहिजे," ते रिक्षावाल्यालाही म्हणाले.

गेल्या दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू असल्याचं सांगितलं. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती आणि ती परत येणार नव्हती. गाडी चालवणं बंद करा, असं डॉक्टर म्हणाले. साडूंनी डोळ्यांत औषध घालायला सुरुवात केली आणि गाडीला आरसे लावायला. दोन्ही मडगार्डवर एकेक, आत एक रुंद, उजव्या खांबाला एक फुगीर. गाडी केस कापायच्या दुकानासारखी दिसू लागली. आरशात मागचं दिसतं, समोरून येणारं नाही, एवढं मी बोललो. "कोनावर असतं," ते म्हणाले. ताईंनी प्रत्येक आरशाचा स्क्रू तपासला आणि पास केला. साडूंनी गाडी चालवावी की नाही, हा प्रश्न मात्र त्या घरात कुणी काढत नव्हतं. जेवताना तो विषय जवळ आला की कुणीतरी मीठ मागायचं.

त्यांची मुलगी सुरगाण्याला सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. हिवाळ्यात तिच्याकडे निघालो तेव्हा मी मागच्या सीटवर होतो, ताई पुढे. घाटात उजवीकडचं वळण होतं. खालून जीप येत होती. द्राक्षाच्या बागांवर कामाला निघालेली माणसं आत भरलेली, काही मागच्या शिडीवर उभी.

"जीप," ताई म्हणाल्या.

साडूंचा पाय हलला नाही. गाडी वळणावर रस्त्याच्या मधोमध आली होती.

"अहो, जीप."

मग ब्रेक लागले. मी पुढच्या सीटवर आपटलो. मान वर केली तेव्हा दोन्ही गाड्या उभ्या होत्या आणि मधून माणसाला अंग चोरूनच जाता आलं असतं. जीपचं डावं चाक दरीकडच्या कठड्याला लागलं होतं. शिडीवरची माणसं एकेक करून खाली उतरली.

जीपवाला आला. "बाबा, दिसली नाय का जीप? मानसं हायेत ना भरलेली."

"थांबलो ना," साडू म्हणाले.

जीपवाल्यानं गाडीला एक फेरी मारली. "आरशे तर लय लावलेत," म्हणाला आणि गेला.

साडू खाली उतरून पुढच्या चाकाशी वाकले. "बघितलंस? एका रेषेत थांबली. जुने ब्रेक असते तर आज..." ताईही उतरल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही चाकं पाहिली.

"ब्रेक पास," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. "किल्ली द्या."

"पास म्हणालीस ना?"

"ब्रेक पास झाले. चालवणं तुमचं काम आहे. ते तुम्हाला पास करता येत नाही."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी दरीकडे पाहिलं. मग किल्ली त्यांच्या मुठीतून ताईंच्या हातात गेली.

ताईंना गाडी त्यांनीच शिकवली होती, कारखान्याच्या कॉलनीत, लग्नानंतर. लायसन्स होतं, सराव नव्हता. माझी शाल घडी करून त्या तिच्यावर बसल्या तेव्हा त्यांना बोनेटच्या पुढचं दिसलं. उरलेला घाट त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये काढला. साडू डावीकडे बसले होते.

घरी परतल्यावर आठवडाभर ते गाडीखाली होते. ताईंचे पाय पुरावेत म्हणून पेडलना लाकडी ठोकळे लावले, सीट उचलून घेतली, नंतर लावलेले आरसे सगळे काढले. ताईंनी ठोकळे दोनदा नापास केले.

परवा भाजी घेऊन परतताना पंचवटीच्या सिग्नलला आम्ही उभे होतो. ताई गाडी कशी चालवतात, असं मी मागच्या सीटवरून साडूंना विचारलं.

"चांगली चालवते. नियमानं. फक्त गाडी काय म्हणते ते ऐकत नाही."

"काय म्हणते?" ताईंनी सिग्नलवरची नजर न काढता विचारलं.

साडूंनी आपल्या बाजूची काच खाली घेतली आणि सिग्नल सुटेपर्यंत डोळे मिटून ते इंजिनचा आवाज ऐकत राहिले.