पोत्यातली पाटी

आम्ही तिघं डॉक्टर. पेशंटच्या गोष्टी आमच्यात फारशा निघत नाहीत. डॉक्टर कसे झालो, याचेच किस्से इतके साठलेत की चहा गार होतो. बारावीला एकाच क्लासला होतो. पुढं मी इथल्याच सरकारी कॉलेजात गेलो, तेरखेड्याचा इम्रान किर्गिझस्तानला. ईट गावची सविता इथं एमबीबीएस करून इंग्लंडला गेली. ती हल्ली फोनवरूनच गप्पांत असते.

इम्रान सहा वर्षं बर्फात शिकून आला. पण बाहेर शिकलेल्यांना इथली परीक्षा पास झाल्याशिवाय नावाआधी डॉक्टर लावता येत नाही. त्याच्या वडिलांनी, हमीदचाचांनी, पाटी आधीच रंगवून घेतलेली! पोरगा नापास झाला आणि पाटी पोत्यात गेली. दुसऱ्यांदाही तेच.

"अब्बा काय बोलत न्हायत रे," इम्रान म्हणायचा, "रोज पोत्यावरची धूळ तेवढी झटकतेत." ऐकून मला फार वाईट वाटायचं.

माझा रस्ता सरळ, म्हणून त्याला किंमत नाही. ग्रामीण रुग्णालयात एका आजोबांनी माझी चौकशी केली. कुठं शिकलो ते सांगितल्यावर हळूच म्हणाले, "मंग फॉरेनचं कोण बसतंय का इथं?"

सविताचं वेगळंच. डॉक्टर होऊन बरीच वर्षं झाली तरी इंग्लंडमध्ये तिला ट्रेनी, म्हणजे शिकाऊच म्हणतात. तिची आत्या दर दिवाळीला विचारते, नापास होतीय का काय? मग ती सर्जनची परीक्षा पास झाली. तिकडं सर्जन झालं की डॉक्टर काढून पुन्हा मिस म्हणायची पद्धत! तिच्या वडिलांनी दोन दिवस चारचौघांना विचारून खात्री केली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्यांना नगं आसंल तर आपल्या इम्रानला द्या म्हणावं."

तिसऱ्यांदा इम्रान पास झाला. इंटर्नशिपमध्ये त्याची पोस्टिंग माझ्याच रुग्णालयात आली.

पहिल्याच सकाळी हमीदचाचा बोटाला फडकं गुंडाळून हजर. चाचा तीस वर्षं फटाके बनवतात, पण कधी साधा चटका बसलेला नाही. माझ्यासमोर कुणी नव्हतं, म्हणून मी हाक मारली. त्यांनी मान हलवली आणि इम्रानच्या टेबलासमोरच्या लांब रांगेत जाऊन उभे राहिले.

नंबर आला. इम्राननं घाबरून फडकं सोडलं. आत मसुराएवढा लाल डाग होता.

"अब्बा, कसं भाजलं?"

"ते घरी बोलू," चाचा म्हणाले. "तुमी आधी तपासा, डॉक्टरसाहेब."