भाकरीचे पापड केले

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी सिनेमा शिकवतो, पटकथा लिहितो आणि रविवारच्या पेपरात आईबापांना मुलं कशी वाढवावीत याचे डोस पाजतो. तिन्ही कामं एकाच डोक्यातून निघतात, तिथंच घोळ झाला.

बायको घरी कडक भाकरी करून दुकानांना देते. मुलगी आठवीत होती तेव्हा बायकोच तिला स्कूटीवर शाळेत सोडायची. एकदा बायको माहेरी गेली म्हणून मी सोडायला निघालो, तर शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर मुलगी म्हणाली, "इथंच थांबवा." रोज इथंच उतरते म्हणे. आईच्या हाताला, ओढणीला पीठ असतं, मैत्रिणी बघतात. आईला मात्र पुढं गर्दी असते म्हणून सांगितलेलं. "तिला सांगू नका हं, बाबा." मी शब्द दिला.

पाळलाही की. सांगितलं नाहीच, लिहिलं. मुलं आईची लाज का बाळगतात, यावर फक्कड लेख. पटकथेतली हुशारी वापरून मुलीचा मुलगा केला, भाकरीचे पापड केले, गाव बदललं. कोपरा आणि पीठ मात्र ठेवलं. खरा तपशील टाकून द्यायचा नाही, असं मी वर्गात घसा फोडून सांगत असतो. काय अक्कल म्हणायची ही.

बायकोनं लेख वाचला, पेपरची घडी घातली आणि म्हणाली, "पापडाला कुठं एवढं पीठ लागतंय अंगाला?" मुलीला ती एका शब्दानं बोलली नाही. सोमवारी स्कूटी तिनं आपणहून कोपऱ्यावर थांबवली. संध्याकाळी मुलगी माझ्यासमोर येऊन रडली. "मी तुम्हाला सांगितलं होतं. पेपरला नाही."

मायलेकींचं आठवड्यात मिटलं. मुलगीच आईला शाळेच्या फाटकापर्यंत घेऊन गेली. माझं मिटलं नाही. आता ती पुण्यात नोकरी करते. फोनवर माझ्याशी ऊन-पावसाचं बोलते आणि म्हणते, "आईला द्या." आईशी तासभर बोलते. मला ते फार लागतं, पण कुठल्या तोंडानं तक्रार करू?

तेव्हाच तिच्यासमोर बसून, चुकलो म्हणायला हवं होतं. माफी मी मागितली, पण पुढच्या रविवारी, पेपरात, चांगले दोन रकाने भरून. वाचकांनी लई कौतुक केलं. तिनं वाचली का, हे विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही.